विषय दिला, तरी वर्ग गप्प का?

पत्राचा सारांश: कोल्हापुरात इंग्रजीच्या एका खासगी क्लासमध्ये शिकवणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. राजारामपुरीत आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते साडेआठ त्यांची ‘इंटरमिजिएट’ बॅच असते. एकूण १६ जण: उद्यमनगरातल्या फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघणारे दोघे, गुजरीतल्या पेढीवरचा एक जण, नर्सिंगच्या तीन मुली, कॉलेजची मुलं आणि चाळिशीतल्या दोन गृहिणी. ग्रामर सगळ्यांचं झालंय, टेन्सचे कागद ते बरोबर सोडवतात. पण ‘मोबाइल: शाप की वरदान’, ‘माझा आवडता सण’ असा विषय दिला की तेच दोन मुलगे बोलतात आणि बाकीचे वहीत बघत बसतात. जोड्या पाडल्या तर दोन मिनिटांत मराठी सुरू होतं. मराठीला पाच रुपये दंड लावून पाहिला, तर वर्ग आणखी गप्प झाला आणि एका गृहिणीने येणंच बंद केलं. संचालक म्हणतात, ‘ॲक्टिव्हिटी बंद करा, ग्रामर पुन्हा घ्या.’ विद्यार्थीही ग्रामरच मागतात. भगिनी विचारतात, ‘यांच्यात आत्मविश्वासच नाही. मी पुन्हा टेन्सकडे वळू का?’

उत्तर:

तुमच्या पत्रातलं ‘यांच्यात आत्मविश्वासच नाही’ हे वाक्य आधी तपासू या. दिवसभराची ड्युटी करून किंवा घरचा स्वयंपाक उरकून जी माणसं आठवड्यातून तीन संध्याकाळी परक्या भाषेसाठी बाकावर येऊन बसतात, त्यांच्याबद्दल असं म्हणणं मला पटत नाही. गुजरीतला तुमचा विद्यार्थी दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलत असतो. फाउंड्रीतले दोघे रिजेक्ट झालेल्या कास्टिंगवरून समोरच्याशी हुज्जत घालत असतील. बोलणं त्यांना येतं. तुमच्या वर्गात बोलायला त्यांना विषय मिळतो, पण कारण मिळत नाही.

मोबाइलचाच विषय घ्या. जोडीतल्या दोघांनाही त्याबद्दल जे ठाऊक आहे ते जवळपास सारखंच. समोरचा काय म्हणाला हे ऐकलं नाही तरी काही अडत नाही. शेवटी काही ठरवायचं नाही, कागदावर काही उतरवायचं नाही. अशा वेळी एकाच गावातली, एकच भाषा बोलणारी दोन माणसं एकमेकांशी इंग्रजीत का बोलतील? म्हणून कुठलीही ॲक्टिव्हिटी वर्गात नेण्याआधी स्वतःला विचारा: जोडीदाराचं न ऐकता हे काम पुरं होतं का? होत असेल तर दोष ॲक्टिव्हिटीत आहे, आणि तो दुरुस्त करता येतो.

हा विचार आपल्या देशातल्याच वर्गांत घडलेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. ‘बंगळूर प्रकल्प’ या नावाने तो जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना माहीत आहे. व्याकरणाच्या धड्यांऐवजी एकामागून एक कामं सोडवायला द्यायची, असा त्याचा अभ्यासक्रम. प्रभूंनी या कामांचे तीन प्रकार सांगितले. एकाकडची माहिती दुसऱ्याकडे नसते आणि ती पोचवावी लागते, हा पहिला. दिलेल्या माहितीवरून विचार करून नवीन काही काढायचं, उदाहरणार्थ वर्गांची वेळापत्रकं बघून एका शिक्षकाचं वेळापत्रक तयार करायचं, हा दुसरा. आणि स्वतःचं मत किंवा भावना मांडायची, हा तिसरा. प्रभूंचा भर दुसऱ्यावर होता. तुम्ही सुरुवातच तिसऱ्यापासून केलीत. मताच्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नसतं, आपलं बोलणं बरोबर चाललंय की नाही हे कळत नाही, त्यामुळे ज्यांना मुळातच बोलायला आवडतं तेच बोलतात. तुमच्या वर्गातले ते दोन मुलगे म्हणूनच पुढे दिसतात.

‘इंटरमिजिएट’ या पाटीबद्दलही थोडं. युरोपात वापरली जाणारी सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे, ए१ पासून सी२ पर्यंत. त्यातली बी१ म्हणजे साधारण मध्यम पातळी: प्रवासात निभावून नेता येतं, अनुभव सांगता येतो, मताला थोडक्यात कारण देता येतं. तुम्ही बॅच ठरवताना लेखी चाचणी घेतली असणार. लेखी चाचणीत बी१ ला पोचलेला माणूस बोलण्यात ए२ वर असणं आपल्याकडे फार साधी गोष्ट आहे, कारण शाळेपासून त्याने इंग्रजी वाचलं आणि लिहिलं, बोलायला तोंड उघडलंच नाही. तेव्हा कामं निवडताना विचार मोठ्या माणसाचा ठेवा, भाषा मात्र एक पायरी खालची.

आता प्रत्यक्ष काम. एक सविस्तर सांगते, म्हणजे बाकीची तुम्हाला स्वतः बनवता येतील.

चार पाहुणे मुंबईहून सकाळच्या गाडीने कोल्हापुरात उतरतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. त्यांचा दिवस आखायचा. प्रत्येक जोडीला दोन कागद. ‘अ’ कागदावर फक्त पाहुणे: बाहत्तर वर्षांच्या आत्या, फार पायऱ्या चढवत नाहीत, काकांना गोळ्यांमुळे एक वाजता जेवायला लागतं आणि ते शाकाहारी आहेत, मुलीला बाराशे रुपयांत कोल्हापुरी चप्पल घ्यायची आहे, मुलाला काहीही करून पन्हाळा बघायचा आहे. ‘ब’ कागदावर फक्त ठिकाणं: अंबाबाईचं देऊळ, न्यू पॅलेस, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, चप्पल लाइन. प्रत्येकापुढे किती वाजता उघडतं, किती वेळ लागतो, किती लांब, पायऱ्या आहेत की नाहीत. पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटरवर आहे, ते खरंच ठेवा. वेळा आणि भाव तुम्ही कल्पून घातले तरी चालतील, फक्त सगळ्या जोड्यांचे कागद एकसारखे हवेत. आणि मुद्दाम एक पेच घाला: सगळीच ठिकाणं घेतली तर गाडी चुकते. काहीतरी गाळावंच लागलं पाहिजे. खरं बोलणं तिथून सुरू होतं, कारण आत्यांची बाजू एकाच्या हातात असते आणि जोतिबाच्या पायऱ्या दुसऱ्याच्या.

तीन मिनिटं प्रत्येकाने आपला कागद गप्प वाचायचा. ही तीन मिनिटं गाळू नका. विचार जुळवायला वेळ मिळाला की वाक्यं लांब होतात. मग बारा ते पंधरा मिनिटं बोलणं. शेवटी प्रत्येक जोडीने एकाच कागदावर पाच ओळींचा कार्यक्रम लिहायचा, वेळेसकट. नंतर दोन जोड्या एकत्र बसून आपापले कार्यक्रम ताडून बघतात. तुम्ही शेवटी फक्त एवढं विचारा: कुणी काय गाळलं, आणि का?

यात बिघडतं कुठे तेही सांगते. पहिली अडचण, कागद एकमेकांना दाखवले जातात. बाकांच्या रांगा असतील तर पुढच्या बाकावरच्याला मागे वळून बसवा आणि दोघांच्या मध्ये दप्तर उभं ठेवा; एवढ्याने भागतं. दुसरी, माहिती पूर्ण वाक्यांत लिहिली तर विद्यार्थी ती वाचून दाखवतात आणि बोलणं होतच नाही. म्हणून कागदावर वाक्यं नकोत, तुटक नोंदी हव्यात: ‘आत्या, ७२, पायऱ्या – नको’ एवढंच, आणि तेही इंग्रजीत. वाक्य त्यांना स्वतः जुळवावं लागलं पाहिजे. तिसरी, एक जोडी सहा मिनिटांत मोकळी होते आणि गप्पा मारायला लागते. तिच्यासाठी खिशात एक चिठ्ठी ठेवा: ‘सकाळची गाडी दोन तास लेट.’ सगळा कार्यक्रम पुन्हा मांडावा लागतो. पंधराच जण आले तर एका गटात तिघे बसवा आणि ‘ब’ कागद मधोमध फाडून दोघांना द्या.

हाच साचा कितीही ठिकाणी चालतो. नर्सिंगच्या मुलींसाठी एकीकडे चार पेशंटच्या नोंदी, दुसरीकडे वॉर्डातले बेड आणि सिस्टर्सच्या ड्युट्या. फाउंड्रीवाल्यांसाठी एकीकडे ऑर्डरी, दुसरीकडे मशीन आणि शिफ्ट. कागद बनवायला पहिल्यांदा तास जातो, पण तो पुढच्या पाच बॅचना पुरतो. झेरॉक्स जाड कागदावर काढा.

आता दंड. तो आजच बंद करा, आणि बंद केल्याचं वर्गात मोकळेपणाने सांगा. मराठी हा गुन्हा ठरला की माणूस इंग्रजीकडे वळत नाही, गप्प बसतो. तुमच्या वर्गात नेमकं तेच झालं. शिवाय मराठी नेमकी कुठे येते हे लक्ष देऊन ऐका. सूचना समजली नाही म्हणून शेजाऱ्याला विचारलं, तर त्यात काहीच वावगं नाही. ती मराठी वेळ वाचवते. पण पाहुण्यांचं ठरवताना कुणी म्हणतं, ‘राहू दे की मग जोतिबा’, तेव्हा ती मराठी तुम्हाला सांगत असते की या क्षणी त्याला हे इंग्रजीत म्हणायचं होतं आणि शब्द मिळाला नाही. यापेक्षा नेमकी मागणी तुम्हाला कुठल्या पुस्तकात मिळणार?

म्हणून प्रत्येक बाकावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. मराठी वाक्य तोंडातून निघालं की ते चिठ्ठीवर लिहायचं आणि काम पुढे चालू ठेवायचं. शेवटी चिठ्ठ्या गोळा करा, त्यातल्या सहा-सात निवडा आणि फळ्यावर घ्या. ‘त्यापेक्षा असं करू’ म्हणजे ‘व्हाय डोन्ट वी... इन्स्टेड’. ‘ते परवडणार नाही’ पैशाबद्दल असेल तर ‘वी कान्ट अफोर्ड इट’, वेळेबद्दल असेल तर ‘वी डोन्ट हॅव टाइम फॉर दॅट’. आणि ‘राहू दे’ घ्या. पाहुण्यांच्या यादीतून जोतिबा वगळायचा असेल तर ‘लेट्स लीव्ह दॅट आउट’. कुणी चहा करायला उठला आणि त्याला नको म्हणायचं असेल तर ‘डोन्ट बॉदर’. सांगितलेलं समोरच्याला कळलं नाही आणि पुन्हा सांगायचा कंटाळा आला तर ‘नेव्हर माइंड’. एका ‘राहू दे’ला इंग्रजीत तीन दारं आहेत, आणि मध्यम पातळीवरचा विद्यार्थी नेमका इथेच अडलेला असतो. त्याला ‘ॲपल’ आणि ‘गो-वेन्ट-गॉन’ येतं. दोन माणसांमध्ये गोष्ट पुढे सरकवणारी ही छोटी वाक्यं येत नाहीत. पुढच्या वेळी तासाची सुरुवात याच चिठ्ठ्यांनी करा. महिन्याभरात वर्गाचा स्वतःचा शब्दसंग्रह तयार होतो, आणि तो प्रत्येकाने मागितलेला असतो.

चुका दुरुस्त करण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण वर्ग गप्प होण्याचं ते एक मोठं कारण असतं, म्हणून विचारते: विद्यार्थी वाक्य मध्येच चुकला की तुम्ही तिथेच बरोबर करून देता का? बहुतेक चांगले शिक्षक देतात. कॅनडात, फ्रेंच ही घरची भाषा नसलेल्या मुलांच्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा एक अभ्यास रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. चुकलेलं वाक्य शिक्षकाने स्वतःच नीट करून म्हणायचं, ही पद्धत तिथे सगळ्यात जास्त वापरली जात होती. आणि त्यानंतर मुलांनी आपलं वाक्य स्वतः सुधारण्याचं प्रमाण सगळ्यात कमी होतं. मुलांना वाटतं, सर फक्त ‘हो’ म्हणाले. तेव्हा बोलणं चालू असताना वहीत नोंद करा, तोंड उघडू नका. शेवटी ती वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहा आणि दुरुस्ती वर्गालाच करू द्या. विचारून उत्तराची वाट बघायलाही शिकावं लागतं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्ग तपासले तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब झाली. मनात हळू तीन-चार आकडे मोजा.

आणि इथेच तुमच्या विद्यार्थ्यांना हवं असलेलं ग्रामर येतं. त्यांची मागणी उडवून लावू नका, ती रास्त आहे. फक्त पहिल्या पानापासून सगळे टेन्स पुन्हा घेण्याऐवजी त्यांच्या तोंडून त्या संध्याकाळी निघालेलं वाक्य घ्या. एक वाक्य तुमच्या वर्गात नक्की निघणार: ‘आय हॅड गॉन टू रंकाळा यस्टरडे.’ हे का होतं? मराठीत आपण सहज म्हणतो, ‘काल मी रंकाळ्यावर गेलो होतो.’ गेलो आणि परत आलो, गोष्ट संपली, एवढंच त्या ‘होतो’त असतं. इंग्रजीतल्या ‘हॅड गॉन’ला मात्र भूतकाळातलीच दुसरी, नंतरची गोष्ट लागते: मी पोचले तेव्हा तो निघून गेला होता. ती दुसरी गोष्ट नसेल तर साधं ‘वेन्ट’. विद्यार्थ्याला पास्ट परफेक्टचा नियम पाठ असतो, कागदावर तो बरोबर सोडवतोही. पण बोलताना त्याच्या मनात मराठीतलं ‘गेलो होतो’ असतं आणि ते शब्दाला शब्द उतरतं. हे एकदा फळ्यावर दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी लिहून दाखवा. पाचशे गाळलेल्या जागा भरून जे होत नाही ते या दहा मिनिटांत होताना दिसेल.

अशी आणखी काही ठरलेली ठिकाणं आहेत. ‘दोन वर्षांपूर्वी’वरून ‘टू इयर्स बिफोर’ येतं, तिथे ‘अगो’ हवं. ‘त्याबद्दल चर्चा केली’वरून ‘डिस्कस्ड अबाउट इट’, हवं ‘डिस्कस्ड इट’. ‘मला समजावून सांगा’वरून ‘एक्स्प्लेन मी’, हवं ‘एक्स्प्लेन टू मी’. ‘तू कुठे चाललायस?’वरून ‘व्हेअर यू आर गोइंग?’, हवं ‘व्हेअर आर यू गोइंग?’. प्रत्येक संध्याकाळी दोनच घ्या. पाच घेतलीत तर एकही राहणार नाही.

संचालकांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, हेही मान्य करू या. नुसत्या ॲक्टिव्हिटी करत राहिलं की भाषा आपोआप नीट होते, असं नाही. कॅनडातच मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकलेली मुलं भाषा उत्तम समजत होती, पण बोलण्या-लिहिण्यात त्यांचं व्याकरण कच्चं राहिलं होतं. समजण्यावर निभावता येतं, बोलताना रूप बरोबर निवडावंच लागतं. म्हणून बोलणं आणि व्याकरण यांची गाठ घालणारं एक काम दर आठवड्याला असू द्या. त्यासाठी डिक्टोग्लॉस ही पद्धत मला सगळ्यात पटते.

साठ-सत्तर शब्दांचा, पाच वाक्यांचा उतारा तयार करा. समजा पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी प्रयोग, घ्यायचाय. कोल्हापुरी चप्पल कशी बनते यावर लिहा: चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलं जातं, तळ कापले जातात, चामड्याच्या वादीने शिवले जातात, खिळे वापरले जात नाहीत, आणि २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन दिलं गेलं, ज्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. पाच वाक्यांत पाच वेळा तेच रूप, आणि ऐकण्यासारखी माहिती. आधी ‘टॅन्ड’, ‘स्टिच्ड’, ‘सोल’ असे तीन-चार शब्द फळ्यावर समजावून द्या. मग उतारा नेहमीच्या वेगाने वाचा, पेन खाली. दुसऱ्यांदा वाचताना ऐकू येतील तेवढे महत्त्वाचे शब्द टिपायचे, वाक्य नाही. मग चार-चारांच्या गटांनी पंधरा मिनिटांत तो उतारा आपल्या शब्दांत पुन्हा उभा करायचा. अर्थ तोच हवा, वाक्यं व्याकरणाने शुद्ध हवीत. शब्द तेच असायची गरज नाही.

गंमत गटात घडते. एक म्हणते, ‘लेदर टॅन्ड’, दुसरी म्हणते, ‘इज टॅन्ड म्हणाल्या ना त्या’, तिसरा म्हणतो, ‘टॅनिंग असेल’. व्याकरणावर एवढी चर्चा तुमच्या टेन्सच्या तासाला कधी होत नसेल. ती मराठीत झाली तरी चालेल, लिहायचं इंग्रजी आहे. मात्र दोन गोष्टी सांभाळा. तुम्ही प्रेमापोटी हळूहळू, शब्द तोडून वाचलंत तर तो साधा श्रुतलेख होतो आणि विचार करायला काही उरत नाही. आणि प्रत्येक गटात एकच हुशार मुलगी पेन धरून सगळं लिहून टाकते; म्हणून प्रत्येक वाक्याला पेन पुढच्याकडे द्यायचं, आणि पेन ज्याच्या हाती त्याने स्वतः सुचवायचं नाही, बाकीचे सांगतील ते लिहायचं. शेवटी एका गटाचा मजकूर फळ्यावर, शेजारी तुमचा मूळ उतारा. फरक त्यांनी शोधायचे, आणि प्रत्येक फरक म्हणजे चूक नाही, हे ठासून सांगायचं.

वेगासाठी आणखी एक काम, ज्याला काही सामान लागत नाही. पॉल नेशन यांनी त्याचा अभ्यास केला आणि ते ४-३-२ या नावाने ओळखलं जातं. आठ जण भिंतीकडे पाठ करून उभे, आठ त्यांच्यासमोर. समोरच्याला एक गोष्ट चार मिनिटं सांगायची, मग एक जागा सरकून नव्या माणसाला तीच गोष्ट तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. नंतर बाजू बदलायच्या. मजकूर तोच असल्याने दुसऱ्या वेळी डोकं वाक्यांकडे मोकळं होतं, अडखळणं कमी होतं, आणि बोलणाऱ्याला ते स्वतःलाच जाणवतं. तुमच्या वर्गाला चार मिनिटं जड जातील. ३-२-१ ने सुरुवात करा. आधी तीन मिनिटं तयारी, पण फक्त पाच शब्द टिपायचे. वाक्यं लिहिली की पाठांतर सुरू होतं. विषय मताचा नको, क्रमाचा द्या. पांढरा रस्सा कसा करतात, कास्टिंग कशाने रिजेक्ट होतं, सलाइन कसं लावतात, सोन्याचा कस कसा बघतात. क्रम ठरलेला असला की पुढे काय बोलायचं ही भीती राहत नाही. शिवाय तुमच्या त्या दोन बोलक्या मुलांना रस्सा करता येत नसतो आणि गृहिणींना येतो. वर्गातली उतरंड एका फटक्यात बदलते. ऐकणाऱ्यालाही काम हवं: शेवटी एक प्रश्न विचारायचाच. आवाज फार होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

वादविवाद कायमचे सोडू नका, महिन्याभराने पुन्हा आणा. पण तेव्हा विषयाऐवजी निर्णय द्या: गल्लीच्या मंडळाकडे पन्नास हजार रुपये आहेत, मागण्या पाच आहेत, तुम्ही चौघे समितीत आहात, वीस मिनिटांत वाटप ठरवा. प्रत्येकाला एकेका मागणीची चिठ्ठी. आणि त्या दोन मुलांना ‘सचिव’ करा. सचिवाने फक्त प्रश्न विचारायचे आणि ठरलेलं लिहायचं. त्यांना ती जबाबदारी आवडते, आणि बाकीच्यांना जागा मिळते.

संचालकांशी वाद घालून काही साधणार नाही. चार आठवड्यांची मुदत मागा आणि मोजून दाखवा. या आठवड्यात प्रत्येकाला, त्याची परवानगी घेऊन, बाजूला बसवून ‘कामाचा एक दिवस’ यावर दोन मिनिटं बोलायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. चार आठवड्यांनी पुन्हा तेच. दोन मिनिटांत किती शब्द आले, मोठे खंड किती पडले, एवढंच मोजायचं. ही रेकॉर्डिंग विद्यार्थ्यालाही ऐकवा. ग्रामरची मागणी करणाऱ्याला आपली प्रगती दिसत नसते, म्हणून तो दिसणारी गोष्ट मागतो. टेन्सचे कागद घरी सोडवायला द्या. ते बंद केले तर पालकांपासून संचालकांपर्यंत सगळे नाराज होतील, आणि ते निरुपयोगीही नाहीत.

सोमवारच्या नव्वद मिनिटांची वाटणी अशी करून बघा. पहिली दहा मिनिटं मागच्या चिठ्ठ्यांना. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या नसतील, तेव्हा पद्धत समजावून सांगा. वीस मिनिटं ३-२-१. मग पस्तीस मिनिटं पाहुण्यांचं काम, जोड्या ताडून बघण्यासकट. पंधरा मिनिटं वहीतल्या दोन चुकांना, दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी मांडून. शेवटची दहा मिनिटं नव्या चिठ्ठ्या आणि घरचा कागद. पहिल्या दिवशी हे घड्याळाप्रमाणे होणार नाही. काही कापावं लागलं तर ३-२-१ कापा, चुकांची पंधरा मिनिटं नको. ग्रामर मागणाऱ्यांचं तासाला येणं त्यावर टिकणार आहे.

आणि सोमवारच्या आधी त्या ताईंना फोन करा, ज्यांनी येणं थांबवलं. पाच रुपयांचा प्रश्न नसतो; चाळिशीत, कॉलेजच्या मुलांसमोर, आपल्याच भाषेसाठी दंड भरावा लागणं लागतं मनाला. दंड बंद केला आहे आणि तो लावणं चुकलं, हे स्पष्ट सांगा. मग विचारा, सोमवारी वर्गाला पांढरा रस्सा तीन मिनिटांत सांगाल का, आणि त्यातले कुठले शब्द इंग्रजीत हवे आहेत. ते शब्द फोनवरच लिहून घ्या.